डावा कौल

माझ्या मुलाने मासे सोडले, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

श्रावणात सोडले असते तर माझी तक्रार नव्हती. श्रावणात अर्धं गाव सोडतं आणि गणपती पाण्यात गेले की दुसऱ्याच दिवशी मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण गणपती गेले, दसरा गेला, तरी विनीतच्या ताटात भात, डाळ आणि सोलकढी. नर्मदेने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यासाठी म्हणून सुरमईची मधली तुकडी राखून ठेवली होती. त्याने ती माझ्या ताटात सरकवली. मालवणच्या माणसाने सुरमईची तुकडी बापाला दिली म्हणजे एक तर तो आजारी आहे, नाहीतर काहीतरी लपवतोय. आजारी तो दिसत नव्हता.

मी भिकाजी. बत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची एकोणीस तपासणी पथकात. रस्त्यात गाडी थांबवायची, आत चढायचं आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत तिकीट मागायचं, हे माझं काम. बिनतिकिटाचा माणूस तिकीट मागण्याआधीच कळतो. इतका वेळ समोर बघत असलेला तो एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो. विनीत आता जेवताना खिडकीबाहेर बघायचा.

तो गोव्यात एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर होता. बारा वर्षं झाली. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचा, शनिवारी संध्याकाळी घरी आणि सोमवारी पहाटे परत. सून दिव्या आणि चौथीतली नात अनुजा आमच्याकडेच. पूर्वी शनिवारी तो यायचा तो पिऊनच यायचा. आल्या आल्या अनुजाची वही मागायचा, एक चूक दिसली की घर डोक्यावर घ्यायचा आणि मग ओटीवर आडवा व्हायचा. आम्ही चौघं त्या दिवशी हळू बोलायचो.

गेल्या दोन-अडीच महिन्यांत ते सगळं थांबलं. दारू गेली, ओरडणं गेलं, मासेही गेले. रविवारी पहाटे उठून आंघोळ करून देवळात जायचा. घरातल्या बायका खूश होत्या. नर्मदा म्हणायची, देवान आयकल्यान. मला मात्र चैन पडेना. माणूस आपणहून सुधारत नाही, त्याला सुधारायला लावणारं कोणीतरी असतं, आणि ते कोणीतरी फुकट काही करत नाही, हा माझा बत्तीस वर्षांचा अनुभव. बाई असेल, बाबा-महाराज असेल, नाहीतर नोकरीत काही लफडं असेल.

मग मला त्याची नखं दिसली. नखांच्या कडांत काळं बसलेलं होतं, घासूनही न गेलेलं. हातमोजे घालून औषधांच्या बाटल्या मोजणाऱ्या माणसाच्या नखांत काळं येईल कुठून? मी दिव्याला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, माका काय म्हायत, आणि लगेच चुलीकडे वळली. म्हणजे तिला माहीत होतं.

तो आंघोळीला गेला असताना मी त्याची बॅग तपासली. मला त्याची लाज वाटली नाही, तेव्हा तरी नाही. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एसटीची चुरगळलेली पाच-सहा तिकिटं होती. मी ती गुडघ्यावर सरळ केली. सोमवारची तिकिटं मालवण ते कसाल, शनिवारची कसाल ते मालवण. गोव्याची गाडी पकडायला हा कुडाळ स्टेशनला जायचा आणि कुडाळचा रस्ता वेगळा. कसालला त्याचं काय काम? आणि सोमवारी कसालला उतरलेला माणूस शनिवारी कसाललाच चढतो, म्हणजे मधले पाच दिवस तो गोव्यात नव्हताच.

त्या आठवड्यात बुधवारी मी कसालला गेलो. घरी सांगितलं की पेन्शनच्या कागदाचं काम आहे. कसाल म्हणजे हायवेवरचा बाजार, तिथे माणूस शोधणं कठीण नाही. चहाच्या टपरीवर मुलाचं वर्णन सांगितलं तर टपरीवाला म्हणाला, तो नवीन मनीस ना, पखवाजवाल्याकडचो, आणि त्याने मागच्या बोळाकडे बोट दाखवलं.

पत्र्याची शेड होती. आधी वास आला, ओल्या कातड्याचा. मग दिसलं की दोरीवर बकऱ्याची कातडी ताणून वाळत घातली आहेत आणि खाली लाकडी खोडं रचली आहेत. माझा विनीत, मायक्रोबायॉलॉजीचा पदवीधर, मांडी घालून जमिनीवर बसला होता. त्याच्या पुढ्यात पखवाजाचं तोंड होतं. चामड्याच्या मधोमध तो काळी शाई थापत होता आणि एका गुळगुळीत दगडाने गोल गोल घोटत होता. नखांतल्या काळ्याचा उलगडा झाला. शेजारी चष्म्याला दोरा बांधलेला एक हडकुळा म्हातारा डोळे मिटून बसला होता. विनीतने बोट मारून आवाज काढला की म्हातारा नुसती मान हलवायचा, नाही म्हणून. विनीत परत घोटायला लागायचा. असं सात वेळा झालं. मी आंब्याच्या झाडाआडून मोजलं. सातव्यांदा नाही म्हटल्यावरसुद्धा माझा मुलगा चिडला नाही. वहीतल्या एका चुकीवरून घर हलवणारा हाच तो, यावर माझा विश्वास बसेना.

मी पुढे गेलो नाही. आल्या वाटेने परत फिरलो. आमच्या घराण्यात आजवर कोणी चामड्याला हात लावला नव्हता, आणि ही गोष्ट मला त्या वेळी फार मोठी वाटत होती. आता ती लिहिताना संकोच होतो, पण वाटत होती हे खरं.

शनिवारी तो आल्यावर मी तिकिटं त्याच्यापुढे टाकली. तो दचकला नाही, उलट सुटल्यासारखा भिंतीला टेकून बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. जुलैत कारखान्यातल्या दोस्तांबरोबर कुणकेश्वरला गेला होता. देवळात भजन चाललं होतं आणि दमट हवेने पखवाज उतरला होता. हा हरिश्चंद्र नावाचा म्हातारा तो चढवत होता आणि त्याने जवळ बसलेल्या विनीतला म्हटलं, धर रे जरा. विनीतने धरला. म्हाताऱ्याने वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकले, डाव्या तोंडाला कणीक लावली, एक थाप मारली, आणि तो आवाज विनीतच्या पोटावर टेकलेल्या लाकडातून आत गेला. तिथेच त्याला रडू फुटलं. पुढच्या सोमवारी तो कामावर न जाता कसालला गेला. ज्या हातांनी देवापुढचं वाद्य करायचं त्यांनी दारूचा पेला धरायचा नाही, असं त्याने स्वतःच ठरवलं. मासे का सोडले, तर म्हणे काहीतरी आवडतं सोडल्याशिवाय सोडल्यासारखं वाटत नाही. कंपनीतून त्याने तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली होती. ती महिनाअखेर संपणार होती. तोवर परत जायचं की राजीनामा द्यायचा, हे ठरवायचं होतं.

मी म्हटलं, मासे सोडलेस आणि बकऱ्याच्या कातडीत हात घातलेस, ही कुठली भक्ती? तो हसला. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याने याला भारलंय, फुकटात राबायला गडी मिळालाय, असं मी सरळ बोलून दाखवलं. दिव्या आत रडायला लागली. नोकरी गेली तर अनुजाचं शिक्षण, घर, सगळं कसं चालणार हा प्रश्न तिचाही होता, फक्त तिने तो इतके दिवस गिळून ठेवला होता.

शेवटी नर्मदेने तोडगा काढला. पुढच्या रविवारी रवळनाथाला कौल लावायचा. देव सांगेल ते करायचं. विनीत लगेच कबूल झाला. म्हणाला, देव सांगात ता मी करतलंय, मगे कोणी काय बोलाचा नाय.

बाहेरगावच्या माणसासाठी सांगतो. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना पाण्यात भिजवलेले कळे, म्हणजे फुलांच्या पाकळ्या, चिकटवतात आणि गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो. उजवा कळा आधी पडला तर देवाची मान्यता, डावा पडला तर नकार. लग्नं, जमिनी, बोटी, सगळं यावर ठरतं. मी लहानपणापासून पाहत आलोय. आणि हेही पाहत आलोय की पाकळी पडायची ती पाणी सुकल्यावर पडते, आणि पाणी किती लावायचं ते गुरवाच्या बोटात असतं.

गुरव काशीराम माझ्या वर्गातला. एकदा कणकवलीच्या गाडीत तो बिनतिकीट सापडला होता आणि मी त्याला सोडून दिलं होतं. सगळ्या नोकरीत तेवढा एकच माणूस मी सोडला. शुक्रवारी दुपारी देवळात कोणी नसताना मी त्याच्याकडे गेलो आणि रविवारी डावा पडला पाहिजे असं सांगितलं. राजीनामा देऊ का, असं पोरगा विचारणार, आणि देवाने नाही म्हणायचं, इतकं साधं काम.

काशीरामने हातातली समई पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाला, “भिकाजी, तुझो झिल देवाक विचारूक येता. तू देवाक सांगूक इलंस.”

मी म्हटलं की पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, बाकी पाप लागलं तर मला लागू दे. त्यावर तो पुढची समई पुसायला लागला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी ते हो असं धरलं.

रविवारी सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. काशीरामने कळे लावले. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे बघणं टाळत होता. मग तो गाऱ्हाण्याला उभा राहिला. “बा रवळनाथा, म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान एक गोष्ट मनात धरल्यान आसा. तोंडान बोलूक नाय तरी तुका ती ठावक आसा. बरी असात तर उजवो दी, बरी नसात तर डावो दी, आणि तेच्या घरादाराक सांभाळ म्हाराजा.” आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. प्रश्न मनात धरायची मोकळीक आमच्याकडे सगळ्यांनाच असते, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. विनीत हात जोडून, डोळे मिटून उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

डावा पडला. पाच मिनिटांच्या आत, अगदी अलगद.

मी सुटकेचा श्वास सोडला. विनीत पालथा पडून दंडवत घालू लागला आणि उठेचना. नर्मदेने त्याला उठवलं तर त्याचं तोंड ओलं होतं. बिचाऱ्याचं मन मोडलं, असं मला वाटलं आणि वाईटही वाटलं. पण ते वाईट वाटणं मला परवडणारं होतं.

घरी आल्यावर तो ओटीवर बसून मोबाईलवर काही लिहायला लागला. मी विचारलं, कामावर कधी हजर होतोस? तो म्हणाला, आता खंयचा काम, राजीनामा लिहितंय. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. देवाने डावा दिला ना, असं मी म्हटलं.

“डावोच दिल्यान,” विनीत म्हणाला. “मी विचारलंय, माका परत कंपनीत जावक देतंस काय. दिव्या रडता, तुमी बोलनास नाय, माझो धीर सुटलो होतो. उजवो पडलो असतो तर मी उद्याच गेलो असतंय, बाबा. मी बॅग भरून ठेवलंय.”

दाराआड खरंच बॅग होती. गोव्याच्या खोलीच्या किल्लीसकट.

मी त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण नर्मदा देवाला साखर ठेवत होती, दिव्याने डोळे पुसून चहा टाकला होता, देव बोलला म्हटल्यावर तिचीही घालमेल थांबली होती. मी चहा प्यायलो. रात्रभर एकच हिशेब डोक्यात फिरत राहिला: मी काही केलं नसतं, तर पोरगा कदाचित पहाटे गोव्याच्या गाडीत बसला असता.

सकाळी तो कसालला गेल्यावर मी काशीरामला गाठलं आणि वाटेल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला की पोराने मनात काय धरलं ते त्याला कसं कळणार. मग मी विचारलं, डाव्याला पाणी कमी लावलंस ना? तो म्हणाला, हात थरथरत होतो, किती लागला ता माका म्हायत नाय. हे खरं होतं की मला त्या पापातून सोडवण्यासाठी मारलेली थाप होती, ते मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखू शकलो नाही. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तसाच कसालला गेलो. या वेळी झाडाआड थांबलो नाही. विनीत पाण्याला गेला होता, शेडमध्ये एकटा हरिश्चंद्र होता. मी ओळख न देता विचारलं की हा नवा माणूस तुमच्या काय उपयोगाचा. म्हाताऱ्याने मला एकदा खालून वर पाहिलं. म्हणाला की आता आपल्याला बारीक काम दिसत नाही, दोन मुलं मुंबईला, धंदा आपल्याबरोबरच संपेल असं त्याने कधीच मान्य केलं होतं. या पोराला त्याने तीनदा परत जा म्हणून सांगितलं, गेल्या आठवड्यातही सांगितलं. “तेचो कान बरो आसा,” तो म्हणाला. “पण कानार पोट भरना नाय, ह्या मीच तेका सांगलंय. तुमी बापूस ना?”

म्हणजे सगळे त्याला एकाच दिशेला, परत कंपनीकडे ढकलत होते. मी, दिव्या, हा म्हातारा, तो स्वतःही. आणि ज्याच्यावर मी पहिल्यापासून संशय घेतला त्याने मला मी ओळख देण्याआधीच ओळखलं होतं.

विनीत कळशी घेऊन आला. मी त्याला आंब्याखाली नेलं आणि सांगितलं. कौल खोटा होता, काशीरामला मी सांगितलं होतं, तू राजीनामा पाठवू नकोस. एका दमात सांगितलं.

“धाडलंय कालच,” तो म्हणाला.

मला वाटलं आता तो ओरडेल. पूर्वीचा विनीत असता तर कळशी फेकली असती. त्याने ती खाली ठेवली आणि तिच्या काठावरून बोट फिरवलं.

“कळे कोणीय लावांदेत,” तो म्हणाला. “मी तेका विचारलंय, तेना माका सांगल्यान. ता माझा नि तेचा. तेतूर तुमी येनास नाय.” मग त्याने वर पाहिलं. “पण बाबा, तुमी माझी बॅग बघलास, तिकिटां बघलास, माझ्या पाठसून कसालाक इलास, देवाकय हाताशी धरलास. माका एकदा तरी विचारलास, झिला, तुका काय होया? तुमी नुसता जा म्हटला असतास तर मी गेलो असतंय. माका देवळात जावची गरज नव्हती.”

पोटच्या पोराला मी छत्तीस वर्षांत कधी काही विचारलंच नव्हतं. मी फक्त तपासत आलो होतो. दहावीचे पेपर, कॉलेजचे मित्र, पगाराची स्लिप, तोंडाचा वास.

तेव्हा मी विचारलं. आवाज नीट निघाला नाही, तरी विचारलं. “ह्या काम करताना तुका बरा वाटता, रे?”

विनीतने माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून, चेहऱ्यावरची एक एक रेघ तपासत, हा माणूस आता काय काढून घ्यायला आलाय ते शोधत. ती नजर मी हजारो लोकांवर टाकली होती. माझ्यावर ती पहिल्यांदाच पडत होती.

“ह्या कित्याक विचारतास?” तो म्हणाला. “आवशीन सांगल्यान?”

“नाय रे. मीच विचारतंय.”

आईने पढवलेलं नाही, हे त्याला पटलं नाही. पटायचं काही कारणही नव्हतं. तो कळशी उचलून शेडमध्ये गेला आणि कामाला बसला. मी आंब्याखालच्या दगडावर बसून राहिलो. परतीची गाडी आली आणि गेली, मी उठलो नाही. दोन तासांनी हरिश्चंद्राने चहा पाठवला. विनीतने काम न थांबवता एकदा मान वळवून पाहिलं, मी अजून तिथेच आहे की नाही ते.